आय-फाइव्ह म्हणजे नेमका कोणता? कमी विजेवर चालणारा लॅपटॉप प्रोसेसर ओळखायची रीत

वाशीच्या सेक्टर १७ मध्ये जा किंवा ठाण्यात गोखले रोडला, लॅपटॉप दाखवताना पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "साहेब, आय-फाइव्ह आहे, सोळा जीबी आहे, एकदम लेटेस्ट." आय-फाइव्ह हे नाव इंटेलने २००९ पासून वापरलं. त्यावरून प्रोसेसर कोणत्या साली आला, किती वीज खातो, त्यात किती कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आहेत, यातलं काहीच कळत नाही. हे कळतं ते पूर्ण मॉडेल नंबरावरून आणि त्या नंबरामागे असलेल्या सांकेतिक नावावरून. ठाण्याहून लोकल पकडून ऐरोली, रबाळे, महापेला नोकरीला जाणारे आणि नेरूळ-बेलापूरकडच्या कॉलेजांत शिकणारे, यांना हलका, दिवसभर टिकणारा लॅपटॉप हवा असतो. पहिलाच लॅपटॉप घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी काय काय तपासावं, ते इथे क्रमाने देतो.

पायरी १ : पूर्ण नंबर मिळवा

दुकानात असाल तर कीबोर्डवर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, 'एमएसइन्फो३२' टाइप करा आणि एंटर मारा. उघडलेल्या यादीत 'प्रोसेसर' या ओळीत पूर्ण नाव असतं, उदाहरणार्थ 'आय५-१३३५यू' किंवा 'रायझन ५ ७५३०यू'. ऑनलाइन घेत असाल तर फोटोतल्या स्टिकरवर विसंबू नका, स्टिकरवर बहुतेक वेळा फक्त मालिकेचं नाव असतं. पानावरच्या तांत्रिक तपशिलात नंबर दिला नसेल तर खोक्यावरचा पार्ट नंबर मागून घ्या आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तो टाका. नंबर सांगायला टाळाटाळ होत असेल तर तिथून घेऊ नका, हे आमचं स्पष्ट मत आहे.

पायरी २ : नंबरावरून सांकेतिक नाव काढा

प्रत्येक चिपला ती बाजारात यायच्या बरीच वर्षं आधी आतल्या कामासाठी एक नाव दिलं जातं. इंटेल भौगोलिक नावं घेते. २००३ मध्ये लॅपटॉपसाठी वेगळ्याने विचार करून इस्रायलमधल्या हायफाच्या पथकाने जी पेंटियम एम चिप बनवली, तिचं नाव बनियास या ठिकाणावरून होतं. गेल्या दशकभरात नावांच्या शेवटी 'लेक' येऊ लागलं: आल्डर लेक, रॅप्टर लेक, मिटिऑर लेक, लूनर लेक. जाहिरातीतलं नाव विक्रीच्या सोयीने बदलतं, जुन्या चिपला नवीन क्रमांक मिळतो. सांकेतिक नाव मात्र चिपच्या रचनेला चिकटलेलं असतं, म्हणून तेच धरून चालायचं.

ते शोधणं सोपं आहे. इंटेलच्या 'आर्क' या साइटवर मॉडेल नंबर टाकला की चिपचं पान उघडतं. त्यात 'फॉर्मरली' हा शब्द असलेली एक ओळ असते, तिथेच 'लूनर लेक' किंवा 'रॅप्टर लेक' लिहिलेलं दिसतं. रायझन चिप बनवणाऱ्या एएमडी कंपनीच्या पानावर 'फॉर्मर कोडनेम' अशी ओळ असते. लॅपटॉप हातात असेल तर सीपीयू-झेड हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर चालवा. पहिल्याच पानावर कोडनेम दिसतं. त्याची झिप आवृत्ती इन्स्टॉल करावी लागत नाही, पेनड्राइव्हवर घेऊन गेलात की काम झालं.

आता हे का करायचं ते पाहा. आय५-१२३५यू, आय५-१३३५यू आणि कोअर ५ १२०यू या तीन चिप २०२२, २०२३ आणि २०२४ अशा लागोपाठच्या तीन वर्षांत आल्या. पहिली आल्डर लेक, पुढच्या दोन्ही रॅप्टर लेक घराण्यातल्या. तिन्हींमध्ये २ मोठे (वेगवान) कोअर, ८ छोटे (कमी वीज खाणारे) कोअर, १२ थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं) आणि १५ वॉटची मूळ वीजमर्यादा. बदलला तो मुख्यतः कमाल वेग: ४.४, ४.६ आणि ५ गिगाहर्ट्झ. तिसऱ्या नावात 'आय' गेला आणि अंक तीनच उरले, त्यामुळे ती अगदी नव्या पिढीची वाटते. २०२५ मध्ये आलेली कोअर ५ २२०यू हीसुद्धा त्याच रचनेची. यात वाईट काही नाही. वर्ड, एक्सेल, ब्राउझर, ऑनलाइन वर्ग यांना आय५-१२३५यू आजही पुरते. मात्र जुन्या रचनेला नव्याचा भाव देऊ नका. दोन लॅपटॉपमध्ये फरक फक्त एवढाच असेल तर स्वस्त घ्या आणि उरलेल्या पैशांत रॅम वाढवा.

एएमडीकडे गोंधळ याहून मोठा आहे, पण सुदैवाने तो नंबरातच उलगडतो. ७००० मालिकेच्या चार अंकी नंबरात पहिला अंक वर्षाचा (७ म्हणजे २०२३), दुसरा दर्जाचा आणि तिसरा रचनेचा. नजर ठेवायची ती तिसऱ्या अंकावर. रायझन ५ ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे झेन २ (झेन हे एएमडीच्या रचनांचं नाव). सांकेतिक नाव मेंडोसिनो, ४ कोअर, ग्राफिक्स अगदी बेताचं. ७५३०यू म्हणजे झेन ३, ६ कोअर, रॅम डीडीआर४ (डीडीआर५ च्या आधीची पिढी). ७५३५यू हीसुद्धा ६ कोअरची, पण रेम्ब्रांट घराण्यातली, डीडीआर५ घेणारी आणि ग्राफिक्समध्ये बरीच पुढे. ७५४०यू म्हणजे झेन ४, फिनिक्स घराणं. चौघींच्या स्टिकरवर 'रायझन ५ ७०००' एवढंच छापलेलं असेल तर ग्राहकाने काय ओळखायचं? या चौघींत ७५२०यू ला 'रायझन ५' म्हणून पैसे देऊ नयेत. ती घ्यायचीच तर सर्वांत स्वस्त गटातली चिप म्हणून घ्यावी.

सध्या दुकानात भेटणारी घराणी

इंटेलच्या सर्वांत खालच्या पायरीवर एन१००, एन२०० आणि आय३-एन३०५ या आल्डर लेक-एन चिप आहेत. २०२५ मध्ये त्यांचीच थोडी वेगवान भावंडं ट्विन लेक या नावाने आली, एन१५० त्यातलीच. यांत मोठे कोअर नसतात, सगळे छोटेच. एन१०० ची मूळ मर्यादा फक्त ६ वॉट, पण रॅमला एकच मार्ग. शाळेतल्या मुलांना, टायपिंगला, व्हिडिओ बघायला ठीक. आय३-एन३०५ या नावात 'आय३' असल्यामुळे ती आय३-१२१५यू च्या बरोबरीची वाटते. नुसते कोअर मोजले तर ८ विरुद्ध ६ असे जास्तच भरतात. पण १२१५यू मधले २ मोठे कोअर एकेका कामात बरेच चपळ आहेत, आणि रोजच्या वापरात तीच चपळाई जाणवते.

मिटिऑर लेक ही डिसेंबर २०२३ ची. 'कोअर अल्ट्रा' हे नाव तिथून सुरू झालं: १२५यू, १५५यू १५ वॉटच्या, १२५एच, १५५एच २८ वॉटच्या. नावात 'अल्ट्रा' नसून नुसतं 'कोअर ५' किंवा 'कोअर ७' असेल तर २०२४-२५ च्या मालात ती बहुधा रॅप्टर लेकच निघते.

लूनर लेककडे मात्र थांबून पाहा, कारण कमी विजेच्या चिपमध्ये इंटेलने केलेला हा सर्वांत मोठा बदल. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या या चिपच्या नंबराला शेवटी 'व्ही' असतो: २२६व्ही, २५६व्ही, २५८व्ही. ४ मोठे आणि ४ छोटे, एकूण ८ कोअर, थ्रेडही ८च. रॅम चिपच्याच पाकिटात बसवलेली असते, त्यामुळे डेटा लांबवर न्यावा लागत नाही आणि त्यातली वीज वाचते. मूळ मर्यादा १७ वॉट (फक्त २८८व्ही ला ३०). शेवटच्या अंकावरून रॅम कळते: ६ असेल तर १६ जीबी, ८ असेल तर ३२ जीबी. ही रॅम पुढे कधीही वाढवता येत नाही, कोणताही कारागीर ते करून देऊ शकत नाही. चार-पाच वर्षं वापरायचा असेल आणि काम प्रोग्रॅमिंगचं असेल तर ८ वाला अंक घ्या. प्रवासात जास्तीत जास्त बॅटरी हवी आणि सगळं जुनं विंडोज सॉफ्टवेअरही चालायला हवं, अशांना आमची पहिली शिफारस हीच. एकाच वेळी भरपूर कोअर लागणारं काम, म्हणजे मोठे प्रोजेक्ट कंपाइल करणं किंवा लांब व्हिडिओ रेंडर करणं, रोजचं असेल तर मात्र एच मालिका (नंबराच्या शेवटी 'एच' असलेल्या, जास्त विजेच्या चिप) बघा.

जानेवारी २०२५ मधल्या कोअर अल्ट्रा २००यू आणि २००एच या मालिका ॲरो लेकच्या. त्यातल्या २००यू आतून मिटिऑर लेकचीच सुधारित आवृत्ती आहे, लूनर लेकशी तिचा संबंध नाही. 'कोअर अल्ट्रा ५ २२५यू' आणि 'कोअर अल्ट्रा ५ २२६व्ही' हे नंबर शेजारी-शेजारी ठेवले तर एका अंकाचा फरक वाटतो, प्रत्यक्षात ती दोन वेगळी घराणी. जानेवारी २०२६ मध्ये पँथर लेक आली. ती इंटेलच्या स्वतःच्या १८ए प्रक्रियेवर बनते, क्रमांक ३०० च्या घरातले, आणि 'एक्स७', 'एक्स९' लिहिलेल्यांत मोठं ग्राफिक्स असतं. रॅम पुन्हा पाकिटाबाहेर गेली.

एएमडीत हॉक पॉइंट (८०४० मालिका, २०२५ मध्ये हिलाच 'रायझन २००' हे नाव मिळालं), स्ट्रिक्स पॉइंट (रायझन एआय ३००, जुलै २०२४), तिची स्वस्त बहीण क्रॅकन पॉइंट (एआय ५ ३४०, एआय ७ ३५०) आणि २०२६ मधली गॉर्गन पॉइंट (एआय ४००) एवढी नावं पुरेत. एआय ७ ३५० हा संतुलित पर्याय आहे. एआय ९ एचएक्स ३७० या नावातला 'एचएक्स' पाहून घाबरू नका. एरवी एचएक्स म्हणजे ५५ वॉटची गेमिंग चिप असते, इथे ती २८ वॉटची आहे आणि कंपनी तिला १५ ते ५४ वॉटमध्ये कुठेही बसवू शकते.

स्नॅपड्रॅगन घ्यावा का?

स्नॅपड्रॅगन एक्स एलिट आणि एक्स प्लस या क्वालकॉमच्या चिप जून २०२४ पासून विंडोज लॅपटॉपमध्ये आहेत, नुसती एक्स २०२५ पासून. बॅटरी उत्तम, आणि चार्जर काढला तरी वेग जवळजवळ तोच राहतो. पण रचना एआरएमची आहे, म्हणजे इंटेल-एएमडीहून वेगळी. साधी विंडोज सॉफ्टवेअर भाषांतराच्या थरातून चालतात, ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) मात्र त्या थरातून चालत नाहीत. ते एआरएमसाठीच लिहिलेले असावे लागतात. त्यामुळे घेण्याआधी एक कागद घ्या आणि लॅपटॉपला जे जे जोडता ते लिहून काढा. जीएसटी किंवा कंपनी कामाच्या सहीचं यूएसबी टोकन, जुना प्रिंटर-स्कॅनर, हार्डवेअर लॉकवर चालणारं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर, कॉलेजच्या लॅबमधला यूएसबी-सिरिअल बोर्ड, ऑफिसचं व्हीपीएन. प्रत्येकाच्या उत्पादकाच्या साइटवर एआरएम६४ ड्रायव्हर आहे का ते बघा. एकही अडत असेल आणि त्यावर तुमचं पोट अवलंबून असेल तर स्नॅपड्रॅगन सोडा. अकाउंटचं काम करणाऱ्यांनी तर टोकन प्रत्यक्ष दुकानात लावूनच पाहावं.

पायरी ३ : वॉटचा आकडा नीट वाचा

'१५ वॉटचा प्रोसेसर' याचा अर्थ तो कायम १५ वॉट खातो असा नाही. इंटेलच्या पानावर दोन आकडे असतात. मूळ वीज म्हणजे सतत काम चालू असताना धरलेली पातळी, आणि कमाल टर्बो वीज म्हणजे काही सेकंदांपुरती घेतलेली झेप. आय५-१३३५यू चे हे आकडे १५ आणि ५५ आहेत, कोअर अल्ट्रा ७ १५५एच चे २८ आणि ११५. मूळ पातळीही लॅपटॉप बनवणारी कंपनी आपल्या पंख्याप्रमाणे वर-खाली करते. म्हणून तीच चिप एका लॅपटॉपमध्ये चपळ आणि दुसऱ्यात मंद निघते.

आपल्याकडे यात हवामानाची भर पडते. ठाण्या-घणसोलीत मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत ३५ अंश सहज असतं. प्रोसेसर साधारण ९५ ते ११० अंशांच्या मर्यादेला पोहोचला की स्वतःचा वेग उतरवतो. दुकानातल्या २४ अंशांच्या गारव्यात झालेली परीक्षा घरी टिकत नाही, ती यामुळे. अगदी पातळ, एकच छोटा पंखा असलेल्या लॅपटॉपमध्ये एच मालिकेची चिप घेऊ नका, अशा बॉडीत यू किंवा व्ही शोभते. आणि गादीवर, उशीवर ठेवून वापरू नका, खालची जाळी बुजली की काही मिनिटांत पंखा किंचाळायला लागतो.

पायरी ४ : बॅटरीचं गणित

बॅटरी वॉट-तासांत मोजतात. ५० वॉट-तासांची बॅटरी आणि पूर्ण लॅपटॉप सरासरी १० वॉट खात असेल तर ५ तास, ६ वॉट खात असेल तर ८ तासांच्या थोडं वर. इथे 'पूर्ण लॅपटॉप' म्हणजे पडदा, वायफाय, रॅम सगळं आलं. हलक्या कामात बहुतेकदा पडदाच प्रोसेसरहून जास्त खातो, म्हणून १२० हर्ट्झचा चमकदार पडदा आणि ४२ वॉट-तासांची बॅटरी ही जोडी लूनर लेकलाही वाचवत नाही. प्रवासासाठी किमान ५० वॉट-तास घ्या, ७० मिळाले तर उत्तम.

दुकानात मोजायचं असेल तर एचडब्ल्यूइन्फो हे आतली मापं दाखवणारं सॉफ्टवेअर चालवा, चार्जर काढा, पडद्याचा उजेड निम्म्यावर आणा, ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावा आणि तीन मिनिटं थांबा. बॅटरीच्या भागात 'चार्ज रेट' उणे वॉटमध्ये दिसतो. नव्या कमी विजेच्या चिपवर तो एक आकडी असायला हवा. १२-१५ दिसत असेल तर मागे काय चालू आहे ते आधी पाहा. नवीन लॅपटॉपवर विंडोजचे अपडेट उतरत असतात, त्या वेळी मोजमाप फसतं.

शोरूममध्ये मांडलेला 'डिस्प्ले पीस' सवलतीत मिळत असेल तर बॅटरीचा अहवाल काढल्याशिवाय घेऊ नका, कारण तो महिनोन्महिने पूर्ण चार्जवर ताटकळलेला असतो. 'सीएमडी' (आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी) उघडा आणि 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या: पॉवर आणि सीएफजी सलग, मग एक जागा, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट. फाइल कुठे तयार झाली ते लगेच खाली दिसतं. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' हे आकडे मिलीवॉट-तासांत असतात, ५०,००० म्हणजे ५० वॉट-तास. नव्या म्हणून विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये दुसरा आकडा पहिल्याच्या ९५ टक्क्यांखाली असेल तर दुसरा नग मागा.

पायरी ५ : रॅम, कारण ग्राफिक्स तिच्यावरच चालतं

या चिपना वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, रॅमचाच वाटा ते वापरतात. टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' बघा. 'फॉर्म फॅक्टर'पुढे 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम बोर्डावरच जडवलेली आहे. 'स्लॉट्स यूज्ड'पुढे दोनपैकी एक दिसत असेल तर एक जागा मोकळी असण्याची शक्यता आहे, पण खात्री मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच करा.

एकच पट्टी बसवलेल्या लॅपटॉपमध्ये रॅमचा अर्धाच मार्ग वापरला जातो आणि ग्राफिक्स मंदावतं. याची एक खूण आहे: आय५-१३३५यू असलेल्या लॅपटॉपमध्ये दोन मार्ग भरलेले असतील तर ग्राफिक्सचं नाव 'आयरिस एक्सई' दिसतं, एकच भरलेला असेल तर 'यूएचडी'. पानावर आयरिस एक्सई लिहिलेलं आणि लॅपटॉपवर यूएचडी दिसतंय, अशी तक्रार नव्या ग्राहकांकडून नेहमी येते. चिप खोटी नसते, दुसरी पट्टी नसते. त्याच वेगाची ८ जीबीची पट्टी बसवली की नाव आणि वेग दोन्ही बदलतात. आज ८ जीबीवर थांबू नका, १६ हा किमान आकडा धरा.

एनपीयू (चिपमधला एआयच्या कामाचा भाग) आणि 'टॉप्स'च्या (त्याचा वेग मोजायचं माप) आकड्यांवर इतका वेळ घालवायची गरज नाही. कोपायलट प्लस या विंडोजच्या शिक्क्याला ४० टॉप्स लागतात. लूनर लेक, स्ट्रिक्स, क्रॅकन, स्नॅपड्रॅगन एक्स यांना तो मिळतो, साधारण ११ टॉप्सच्या मिटिऑर लेकला आणि १६ च्या हॉक पॉइंटला मिळत नाही. फक्त त्या शिक्क्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

घरी आणल्यावर

सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', मग 'पॉवर अँड बॅटरी', आणि पॉवर मोड बॅटरीवर असताना 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी' करा. यू आणि व्ही मालिकेत रोजच्या कामाला फरक जाणवत नाही, पंखा मात्र शांत होतो.

लॅपटॉप मिटून बॅगेत टाकला आणि तुर्भ्याला पोहोचेपर्यंत तो तापून बॅटरी निम्मी झाली, असं होत असेल तर दोष विंडोजच्या आधुनिक झोपेचा ('मॉडर्न स्टँडबाय'चा) आहे. या चिप झाकण मिटल्यावर पूर्ण बंद न होता फोनसारख्या अर्धवट जाग्या राहतात आणि एखादं अपडेट त्यांना बॅगेतच उठवतं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, झाकण मिटल्यावर काय करायचं त्या ठिकाणी 'हायबरनेट' निवडा. तो पर्याय दिसत नसेल तर सीएमडी प्रशासक म्हणून उघडा आणि मघाच्याच पद्धतीने 'पॉवरसीएफजी /हायबरनेट ऑन' द्या. चालू व्हायला काही सेकंद जास्त लागतात, ते सोसा.

चार्जर यूएसबी-सी असेल तर १५-१७ वॉटच्या चिपला ४५ वॉटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर पुरतो, एच मालिकेला ६५ घ्या. महावितरणचा पुरवठा पावसात खंडित होतो तेव्हा पॉवर बँक कामी येते, पण तीवर २० व्होल्टचं पीडी आउटपुट छापलेलं हवं. मोबाइलची साधी पॉवर बँक लॅपटॉप चार्ज करत नाही. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टला ७४ वॉट-तास, गळती वजा जाता ६० च्या आसपास हाती लागतात, म्हणजे ५० वॉट-तासांची बॅटरी एकदा भरते.

जे ऑफिसात दिवसभर चार्जर लावूनच बसतात त्यांनी लॅपटॉप कंपनीच्या ॲपमध्ये चार्जची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी, आणि बाहेरगावी जायच्या आदल्या रात्री ती काढावी. बिल जीएसटी क्रमांकाचंच घ्या. सीरियल नंबर बिलावर आणि लॅपटॉपच्या तळाशी एकच आहे ना ते काउंटरवरच जुळवा. मग कंपनीच्या साइटवर तो टाकून वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून दिसते का ते पहिल्याच आठवड्यात बघा. तारीख मागची दिसली तर बिलाची प्रत पाठवून ती लगेच दुरुस्त करून घ्या.